जुनी ट्रॉलर यॉट घेतली, दोन वर्षं तिच्यावर काम केलं, आता रिव्ह्यू

बोट 1970 च्या दशकातली, ट्रॉलर यॉट म्हणजे मासेमारी बोटीच्या धाटणीची, संथ चालणारी, राहण्या-फिरण्याची बोट, फायबरग्लासची, 42 फुटी, एकच इंजिन, आणि घेतली तेव्हा सहा वर्षं जागची हललेली नव्हती. मी आणि दादाने मिळून घेतली. आता ती चालतेय आणि आतून कोरडी आहे म्हणून लिहायला बसलोय, कारण घ्यायच्या आधी एक गोष्ट आम्हाला कोणीतरी ओरडून सांगायला हवी होती, की जुन्या बोटीची खरी वाट पावसाचं पाणी लावतं. समुद्राचं पाणी झेलायला हल, म्हणजे बोटीचं पाण्यातलं बाहेरचं कवच, बनवलेलाच असतो, आमचा पण ठणठणीत निघाला, रंगाखाली थोडे फोड आले होते ते घासून, वाळवून, इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) लावून विषय संपला.

डेकचं मात्र बोलायलाच नको. वर सागवानी फळ्या, दिसायला काय सुंदर, बघताक्षणी आम्ही दोघं पाघळलो. पण या फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतात, शेकडो स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू खालच्या फायबरग्लासला भोक पाडून आतल्या कोरमध्ये, म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमधल्या हलक्या बाल्सा लाकडात गेलेला असतो. फटींतलं रबर सुकलं की पाणी स्क्रूच्या कडेने खाली उतरतं आणि आत वर्षानुवर्षं मुरत राहतं, वरून काही म्हणता काही दिसत नाही. आम्ही ग्राइंडरने वरचा थर कापून उचलला तर आतलं लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं हातात आलं, काळंकुट्ट, मुठीत दाबलं की पाणी गळायचं, आणि तो आंबट कुबट वास आठवडाभर कपड्यांना होता. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच. पुढचा अख्खा डेक असा खरवडून काढला, वाळवला, नवीन कोर चिकटवला, वर फायबरग्लासचे थर दिले. सागवान परत लावलं नाही, दादाला वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण परत शेकडो भोकं पाडायची हिंमत नव्हती.

सर्व्हेबद्दल, म्हणजे घ्यायच्या आधी जाणकाराकडून बोट तपासून घेण्याबद्दल, कळकळीने सांगतो. विकणाऱ्याच्या एजंटने सुचवलेला सर्व्हेयर आम्ही घेतला ही चूक आमची, तो तासाभरात फिरून गेला आणि रिपोर्टमध्ये डेकबद्दल एक ओळ नव्हती. नंतर आम्ही स्वतः शोधून दुसरा आणला, त्याने छोटी हातोडी घेऊन वीतभर अंतरावर ठोकत ठोकत अख्खा डेक वाजवला. चांगल्या जागी खणखणीत आवाज, सडलेल्या जागी एकदम बद्द, आपल्यालाही पाच मिनिटांत फरक कळायला लागतो. बोट अक्षरशः वाजवून घ्या, पैसे देण्याआधी. आणि इंजिन बघायला जाल तेव्हा आधी त्याला हात लावा, गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच कोणीतरी चालू करून ठेवलंय, मग गार असताना कसं सुरू होतं आणि किती धूर टाकतं हे कळणारच नाही, सरळ दुसऱ्या दिवशी परत या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

आता इंजिन, फोर्ड लेहमन 120. मनापासून पाचपैकी पाच. सहा सिलेंडर, 6.2 लिटर, 120 हॉर्सपॉवर, मूळचं ट्रक आणि शेतीकामाच्या मशिनांमधलं फोर्डचं डिझेल, लेहमन कंपनीने समुद्रासाठी तयार केलेलं. सहा वर्षं पडून होतं, टाकीतला गाळ साफ केला, फिल्टर, इम्पेलर (थंड करायच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक), होज बदलले आणि ते सुरू झालं, दादाच्या डोळ्यांत पाणी आलं खरंच. एक मात्र विसरू नका, याच्या इंजेक्शन पंपाचं (सिलेंडरमध्ये डिझेल मारणारा पंप) ऑइल इंजिनाच्या ऑइलपासून वेगळं असतं आणि दर 50 तासांनी बदलायचं असतं कारण त्यात डिझेल झिरपून ते पातळ होतं, आमच्या आधीच्या मालकाला हे माहीतच नव्हतं. एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप जिथे थंड करायचं पाणी धुरात मिसळतं, तो पण काढून आतून बघा, बाहेरून चांगला दिसतो आणि आतून गंजून चाळणी झालेला असतो, तो गेला की पाणी थेट सिलेंडरमध्ये जाऊ शकतं. वेगाची अपेक्षा ठेवू नका, या आकाराचा असा हल आठ नॉटच्या (ताशी साधारण 15 किलोमीटर) आसपास अडतो, त्यापुढे नुसतं डिझेल जळतं.

इपॉक्सी वेस्ट सिस्टीम कंपनीचं 105 रेझिन आणि ते घट्ट करणारं 206 हार्डनर वापरलं, प्रमाण पाचास एक, त्यांचे पंप घेतले की दोन्हीचा एकेक दाब, मोजायची कटकट नाही. खोल कपात जास्त कालवून ठेवू नका, तापून धूर येतो, पसरट ट्रेमध्ये ओता. सुकल्यावर वर मेणासारखा थर येतो तो आधी पाण्याने धुवा, मगच घासा, नाहीतर पुढचा थर नीट धरत नाही.

पुढच्या केबिनची एक खिडकी अजून गळतेय. परवा रात्री पावसात टॉर्च घेऊन बसलो तेव्हा कळलं, फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यातून एक थेंब येतो, पॅनेलवरून घरंगळत बराच खाली जाऊन दिसतो. या महिन्यात फ्रेम काढतोय.