पळसाच्या रंगाचे बॉबिन अन् माझे २६ हजार

आधीच सांगून ठेवतो, मला गिटार वाजवता येत नाही. दारव्हा तालुक्यात आमचं गाव, दुकान मोटार रिवाइंडिंगचं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. कपाशी-गव्हाच्या ओलिताच्या दिवसात लाइन रात्रीची आणि व्होल्टेज कमी, मग मोटारींची रांग लागते, पण पावसाळ्यात दुकान निरा खाली. अशाच खाली दिवसात यवतमाळला शिकणाऱ्या पुतण्यानं त्याच्या इलेक्ट्रिक गिटारचं मुकं झालेलं पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा भाग, आणून दिला, "काका पाहा ना, तुमचंच काम हाय हे." उघडलं तर खरंच माझंच काम निघालं. चुंबक आणि त्याच्या जोडीला तांब्याच्या तारेची कॉईल, फक्त तार आमच्या हिशोबानं ४६ नंबरची, ०.०६ मिमीच्या आसपास, तुटली तर टोक शोधायला डोळे फुटतात. एका बॉबिनवर, म्हणजे तार गुंडाळायच्या प्लास्टिकच्या रिळावर, जवळपास ५००० वेढे. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमलं, आणि मग नादच लागला. शिलाई मशीनच्या मोटारीवर वाइंडर बनवला, वेढे मोजायला काउंटर लावला, आणि आता तीन वर्षं झाली नागपूर-अमरावतीचे पोट्टे ऑर्डर देऊन राहिले.

तर गेल्या दिवाळीत नागपूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याला हंबकर नावाचं पिकअप पाहिजे होतं पण बॉबिन पळसाच्या फुलाच्या रंगाचे. हंबकरमध्ये दोन कॉईल शेजारी-शेजारी असतात, एकमेकीच्या उलट्या, त्यामुळे ट्यूबलाइटची अन् लाइनची घरघर कटून जाते, आणि वर झाकण नसलं तर ते दोन्ही बॉबिन समोरूनच दिसतात, म्हणून त्यांच्या रंगाचं एवढं कौतुक. त्यानंच सांगितलं की १९५० च्या दशकाच्या शेवटी गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीला काळं प्लास्टिक कमी पडलं तेव्हा क्रीम रंगाचे बॉबिन लागले, आणि आज लोक तसेच मुद्दाम मागतात. मला वाटलं बाजारात काळे, पांढरे, क्रीम सोडून काही भेटत नाही, आपण रंगीत बनवून घेतले तर आपलं काहीतरी वेगळं होईल. इथूनच डोकं फिरलं.

नेटवर एक जण सापडला, एका मोठ्या शहराच्या एमआयडीसीत शेड आहे म्हणे, साच्यात प्लास्टिक ओतायची स्वतःची इंजेक्शन मशीन आहे म्हणे. बोलायला इतका गोड की काय सांगू, आणि धंद्यातले शब्द सगळे बरोबर. एबीएस प्लास्टिकचा व्हर्जिन, म्हणजे नवा कोरा दाणा वापरतो, रंग दाण्यात मिसळायच्या मास्टरबॅचनं आतून येतो, वरून मारत नाही, डाय म्हणजे साचा ॲल्युमिनियमचा बनवू, १४ हजार एकदाच लागतील, मग पीस ४० रुपये. मी दोन जागी विचारलं होतं तं डायचेच ५० हजाराच्या वर सांगत होते. तिथंच थांबायला पाहिजे होतं, पण स्वस्तात भेटून राहिलं म्हटल्यावर माणूस स्वतःच स्वतःला समजावते, की छोटी डाय आहे, नवीन पोरगा आहे, काम पाहिजे असेल त्याला. यूपीआयनं १४ हजार टाकले. पक्कं बिल मागितलं तं म्हणे, "लॉटसोबत देतो ना दादा, जीएसटी नंबर पाठवला आहे की तुम्हाला."

दहा दिवसांनी दारव्ह्याच्या कुरिअरवाल्याकडं पुडकं आलं, चार सॅम्पल. आणि पाहा, मी काही डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. कॅलिपर लावून भोकांतलं अंतर मोजलं. दोन बॉबिन भरले, मल्टीमीटरवर दोन्ही कॉईल सारख्या आल्या. मग मेणात टाकले. मोटारीला आपण वार्निश देतो ना, तसं पिकअपला मेण देतात, चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण, ६५ डिग्रीच्या जवळपास, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून. तार आतून हलली तर मोठ्या आवाजात गिटार किंचाळते, मेण भरलं की तार जागेवर बसते. अर्ध्या तासानं काढलं, बॉबिन एकदम सरळ, रंग झकास. फक्त थिनरच्या बोळ्यानं मेण पुसलं तेव्हा बोळ्यावर थोडा नारंगी रंग आला. मला दिसला तो, पण वाटलं असंच असते नवीन मालाचं, आणि बोळा फेकून दिला. त्या बोळ्याची आठवण आली की आजही जीव जळते.

त्याच संध्याकाळी ३०० पीसचे १२ हजार टाकले. पूर्ण. "लॉट लावायला दाणा घ्यावा लागते दादा" म्हणून.

लॉट आला महिन्यानं. रंग तोच, मोजमाप तेच, पण भरायला घेतला आणि तार तुटायला लागली. एक तुटली, दुसरी तुटली, सकाळपासून सात कॉईल, मीटरवर ओपन. मला आधी वाटलं माझाच हात बिघडला, टेन्शन ढिलं केलं, वाइंडरला तेल दिलं. शेवटी बॉबिनच्या आतल्या कडेवरून नख फिरवलं तं बारीक बारीक पायऱ्या लागल्या हाताला, कंगव्याच्या दात्यासारख्या. मोल्डिंगचा पीस असा नसते, हा थर थर चढवून थ्रीडी प्रिंटरवर काढलेला माल होता. तरी म्हटलं घासून घेऊ. घासून, भरून, दोन मेणात टाकले आणि दहाव्या मिनिटाला झाकण उघडून पाहतो तं बॉबिनच्या कडा उन्हात ठेवलेल्या पापडासारख्या वर आलेल्या, आणि कॉईल मधून घसरून गुंता झालेला. एबीएस ६५ डिग्रीला हलत नाही. हे थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ते पीएलए प्लास्टिक होतं, ते ६० च्या आसपासच नरम पडते. मेण राहू द्या, आपल्याकडच्या मे महिन्यात बंद कारमध्ये गिटार ठेवली असती तरी तेच झालं असतं.

मग जुनं सॅम्पल काढून ब्लेडनं खरवडलं. खालून पांढरं. बाजारात रेडिमेड भेटतो तोच पांढरा एबीएसचा बॉबिन, त्यावर स्प्रे मारलेला. म्हणजे डाय कधी बनलीच नव्हती. मी जेवढं तपासलं ते सगळं दुसऱ्याच कंपनीच्या मालाचं तपासलं.

त्याला फोन केला तं आधी म्हणे मेण जास्त तापलं असेल, मग म्हणे मशीनवाल्या पोराची चूक, मग नंबर बंद. जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला, जे आधी दोन मिनिटांत करता आलं असतं, तं नोंदणी रद्द झालेली आणि नाव भलत्याच फर्मचं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन लावला, पण त्या नंबरचा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या असते, समोरच्याच्या खात्यात असेपर्यंत अडवता येतात, मी तं दोन महिन्यांनी जागा झालो. ठाण्यात गेलो, तिथले साहेब पीस हातात घेऊन म्हणाले, "माल तं आला ना भाऊ तुम्हाले? मंग फसवणूक कशी म्हणाव?" तिथंच समजलं की यानं ३०० पीस फुकट नाही पाठवले, ते पाठवले म्हणूनच तो मोकळा फिरून राहिला. काहीच पाठवलं नसतं तं केस सरळ होती.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. तिथं धंद्यासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक मानत नाहीत असं मला दोघांनी सांगून घाबरवलं होतं, पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या हातानं काम करून पोट भरणाऱ्याला सूट आहे, तसं तक्रारीत स्पष्ट लिहावं लागते. दोन वर्षांच्या आत टाकायची, आपल्याच जिल्ह्यात टाकता येते, आणि एवढ्या रकमेला फी नाही. आमच्या पुतण्यानं चॅट, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो पापड झालेला बॉबिन, सगळ्याचे फोटो जोडले.

तुम्ही कोणी असे पार्ट बनवून घेत असाल तं डाय मशीनवर चढलेली असताना चालू व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा, फोटोवर जाऊ नका, आणि लॉटचे पैसे अर्धेच द्या. सॅम्पलचा एक पीस बळी द्या, तोडा, आतून रंग पाहा. आणि लॉट आल्यावर त्यातलाही कोणताही एक उचलून तोडा. एका ग्लासात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला, त्यात भरीव तुकडा टाका, एबीएस तरंगते, पीएलए बुडते. माझ्या बायकोनं हे पाहिलं आणि म्हणाली, "एवढा पुडाभर मीठ घालून आता पाहून राहिले, तवा चिमूटभर अक्कल घातली असती तं." तिचं काही चूक नाही.

नागपूरच्या त्या पोराला सगळं खरं सांगितलं, ॲडव्हान्स परत करतो म्हटलं. त्यानं नाही घेतला. काळेच बॉबिन लावून द्या म्हणे, पळस पुढच्या होळीला पाहू.