नाशिकमधली मियावाकी घनवन सेवा: झाडं मोजण्याआधी माती बघा

नाशिकमध्ये मियावाकी घनवन, म्हणजे थोड्या जागेत दाटीने लावलेलं छोटं जंगल, लावून देणारे आता बरेच झाले आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे रिकामे कोपरे, गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांचे मोकळे भूखंड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या पट्ट्या, त्र्यंबक रस्त्यावरची फार्महाउसं, सगळीकडे साधारण एकच पॅकेज विकलं जातं. चौरस मीटरमागे 3 ते 4 रोपं, मीटरभर खोल खोदाई, त्यात भाताचं तूस, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत, वर आच्छादन, ठिबक आणि 2 किंवा 3 वर्षांची देखभाल. हे परीक्षण त्या पॅकेजचं आहे, एखाद्या ठेकेदाराचं नाही. आणि ते मातीतल्या जिवांच्या बाजूने केलं आहे, कारण देखभालीचा करार संपला की त्या झाडांना अन्न पुरवायला तेच उरतात.

निकाल आधी सांगतो. आच्छादनासाठी हात आखडता घेऊ नका, सरसकट खोदाईला नाही म्हणा आणि कीटकनाशकाचं कलम करारात राहू देऊ नका.

खोदाईपासून सुरुवात करू, कारण खर्च आणि नुकसान दोन्ही तिथेच मोठं. स्प्रिंगटेल (उड्या मारणारे इवलेसे जीव), माइट (कोळ्याच्या नात्यातले अगदी बारीक जीव), बारीक कोळी, वाणी (मिलिपीड) यांची बहुतेक वस्ती वरच्या 10 सेंटिमीटरमध्ये असते. जेसीबीने मीटरभर उकरून माती परत ढकलली की ही वस्ती खाली गाडली जाते आणि खालचा मुरूम वर येतो. मुळांना जोडून पसरलेलं बुरशीच्या धाग्यांचं जाळं तुटतं. गांडुळं उन्हाळ्यात खोल जाऊन सुप्त पडलेली असतात, आणि खोदाई नेमकी एप्रिल-मे मध्ये होते. पुढे सगळे जीव सारख्या वेगाने परतत नाहीत. स्प्रिंगटेलची पिढी लवकर होते, ओल मिळाली की ते त्याच पावसाळ्यात दिसू लागतात. पाला कुरतडणारे ओरिबॅटिड माइट मात्र फार सावकाश वाढतात. गांडुळं आजूबाजूच्या जमिनीतून वर्षाला काही मीटरच सरकतात, आणि भोवती काँक्रीटचं कुंपण असेल तर तेवढीही नाही.

काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. वाफसा येण्याआधी, ओल्या मातीत बकेट फिरली की खड्ड्याच्या भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात. पाणी बाजूला झिरपत नाही, खड्ड्याचं टाकं होतं आणि ऑगस्टमध्ये मुळं गुदमरतात. अगदी कोरड्यात खोदली तर डोक्याएवढी ढेकळं निघतात, त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात आणि पहिल्या पावसाळ्यात सगळा वाफा खाली बसतो. रोपं तिरकी होतात, मुळं उघडी पडतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी 1970 च्या दशकात कारखान्यांच्या भोवती ही पद्धत वापरली, तेव्हा त्यांच्यासमोर भराव घातलेल्या, जीव नसलेल्या जमिनी होत्या. तिथली गरज उचलून आपल्याकडच्या बांधावर किंवा डोंगरउतारावर लावण्यात अर्थ नाही.

खोदाई खरोखर लागते ती भरावावर. अंबड-सातपूरमध्ये रोलर फिरवलेली, सिमेंट-खडीचा राडारोडा मिसळलेली जमीन बरीच आहे. ओळखायला सोपी. पावसानंतर वाफसा असताना 8 मिमीची सळई हाताने दाबा. बऱ्याच ठिकाणी ती 20 सेंटिमीटरच्या आत अडली तर जमीन घट्ट झाली आहे. मग 30 सेंटिमीटरचा खड्डा पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी 24 तासांनीही उभं असेल तर निचरा नाही. या दोन्ही चाचण्यांत जमीन नापास झाली तरच यंत्र बोलवा. तेव्हाही कोटेशनमध्ये क्रम लिहून घ्या: वरची 15 सेंटिमीटर माती आधी वेगळी काढायची, तिचा ढीग मीटरभरापेक्षा उंच करायचा नाही आणि पेंढ्याने झाकायचा, खालचा थर 45 ते 60 सेंटिमीटरपर्यंत फक्त सैल करायचा, आणि काढलेली माती परत वरच पसरायची. ढीग जास्त उंच झाला की आत हवा पोचत नाही आणि जपलेली मातीच मरते. बाकी सगळीकडे 45 सेंटिमीटरचे खड्डे घ्या, मधली जमीन हलवू नका. त्या न हललेल्या पट्ट्यांतूनच जीव खड्ड्यांत शिरतात.

मातीत काय मिसळतात हे बघितलं पाहिजे. कोकोपीट काळ्या मातीला लागतच नाही, ती माती पाणी धरूनच ठेवते. मुरमाड जमिनीत उपयोग आहे, पण धुतलेलं, कमी क्षाराचं असेल तरच. तूस आणि लाकडाचा भुसा यांच्यात कार्बन प्रचंड आणि नत्र नगण्य. ते मातीत कालवलं की जिवाणू त्यांचं विघटन करायला आजूबाजूचं नत्र ओढून घेतात, आणि सप्टेंबरपर्यंत रोपांची पानं पिवळी पडतात. मग ठेकेदार युरिया टाकतो. तोच माल वर पसरला तर हा प्रश्न मातीच्या पृष्ठभागापुरता राहतो. शेणखत मागाल तेव्हा पूर्ण कुजलेलं मागा: मुठीत घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये, ढीग गरम लागता कामा नये. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, हुमणीसाठी मग दाणेदार औषध येतं आणि त्यात गांडुळं जातात. ही साखळी खताच्या ट्रॉलीपाशीच तोडता येते.

काही जण उद्घाटनाच्या दिवशी टोपलीभर गांडुळं सोडतात. ती बहुधा गांडूळखताच्या बेडमधली आयसेनिया फेटिडा असतात. ती शेणात आणि कुजत्या पाल्यात जगणारी जात आहे, साध्या मातीत टिकत नाही. त्यासाठी पैसे देऊ नका. आपल्या मातीत बिळं करणारी लॅम्पिटो मॉरिटीसारखी गांडुळं आच्छादन आणि ओल मिळाली की शेजारच्या बांधातून स्वतः येतात.

‘जंगलची माती’ म्हणून त्र्यंबक-पेठकडून आणलेली पोती कोटेशनमध्ये दिसली तर ती ओळ खोडा. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार जंगलातला पाला आणि पृष्ठभागाची माती ही वनोपज आहे, ती परवानगीशिवाय उचलता येत नाही. शिवाय एका जागचा जिवंत थर खरवडून दुसरीकडे ओतल्याने तिथलं जंगल उघडं पडतं. जीवामृतात घालायची मूठभर माती लागतच असेल तर त्याच शिवारातल्या जुन्या कडुनिंबाच्या किंवा उंबराच्या खालची घ्या. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन या नेहमीच्या प्रमाणातलं जीवामृत जिवाणूंना तात्पुरतं खाद्य देतं, पण आच्छादन नसेल तर त्याचा परिणाम टिकत नाही.

मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीची, पाकिटं द्राक्षामुळे नाशिकच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. साग, कडुनिंब, बेहडा, अर्जुन अशा आपल्या बहुतेक झाडांची मुळं याच गटातल्या बुरशीशी जोडलेली असतात, त्यामुळे भरावाच्या जमिनीत पाकिटाचा उपयोग होऊ शकतो. पण पावडर मुळाला लागली पाहिजे, वर भुरभुरून काही होत नाही. पाकीट उन्हात टपरीवर ठेवलेलं नको, वापरण्याची शेवटची तारीख बघा. आणि त्याच खड्ड्यात मूठभर डीएपी (स्फुरदाचं रासायनिक खत) पडत असेल तर दोन्हींचे पैसे वाया, कारण स्फुरद भरपूर मिळालं की झाड बुरशीला आत घेत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही या बुरशीला मारते. धड जमिनीत, जुन्या झाडांजवळ, पाकीट न घेतलेलं बरं. तिथे बुरशी आहेच.

आता या सेवेतला सगळ्यात चांगला भाग, आच्छादन. 15 सेंटिमीटर जाडीचा पेंढा घातला की माती एप्रिल-मे मध्येही सावलीत राहते, पावसाचा थेंब थेट आदळत नाही, आणि बुरशी, वाणी, वाळवी, गांडुळं यांना वर्षभर अन्न मिळतं. इगतपुरी-त्र्यंबकचा भाताचा पेंढा सर्वांत चांगला. गव्हाचा बारीक भुसा दबून पापुद्रा धरतो किंवा वाऱ्याने उडतो. पेंढा सुतळी आणि खुंट्यांनी दाबून ठेवा, खोडापासून चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते. पहिल्या पावसाळ्यात थर निम्म्यावर येतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये दुसरा थर करारात हवाच. तो बहुतेक करारांत नसतो.

द्राक्षाच्या काड्यांबद्दल सावध राहा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्या फुकट मिळतात आणि कुट्टी करून आच्छादनाला वापरायचा मोह होतो. पण बागेत वर्षानुवर्षं बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांब्याची बुरशीनाशकं फवारलेली असतात. तांब्याचं विघटन होत नाही, ते मातीत साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. फवारणी माहीत असलेल्या बागेतली कुट्टी पेंढ्यात थोडी मिसळली तर चालेल, सगळा थर काड्यांचा नको.

वाळवी दिसली की देखभालीचा माणूस क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा ड्रम काढतो. आच्छादनात वाळवी येणारच, ती मेलेला पेंढा आणि काटक्या खाऊन माती पोखरते, पाणी जिरायला वाट करून देते. जिवंत रोप ती सहसा पाण्याचा ताण बसल्यावर धरते. म्हणून आधी ठिबकच्या तोट्या तपासा, खोडावरचं मातीचं आवरण हाताने झाडा, खोडालगतचा पेंढा मागे सारा. आळवणी केली तर वाळवीबरोबर मुंग्या, माइट, गांडुळं सगळ्यांनाच फटका बसतो. फोरेट या दाणेदार कीटकनाशकाचा वापर तर 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे, तरी जुनी पिशवी कुठेतरी निघते. तणनाशकालाही नकार द्या. खुरप्याने निंदणी करून उपटलेलं गवत तिथेच पसरायचं.

मेलेल्या रोपांच्या नांग्या पहिल्या पावसाळ्यातच भरून घ्या. एवढ्या दाटीत पुढे काही रोपं स्पर्धेतच मरतात, ती उपटून नवा खड्डा करण्यापेक्षा उभी राहू द्या. वाळलेलं लाकूड बुरशीला आणि भुंग्यांच्या अळ्यांना लागतं.

करार संपल्यावरची चूक सगळ्यात महाग पडते. सोसायटीचा किंवा कारखान्याचा माळी जानेवारीत पानगळ झाडून काढतो आणि कोपऱ्यात पेटवतो. सुंदर दिसतं, पण मातीचं जेवण जातं आणि मे महिन्यात उघडी जमीन तापते. आगीची भीती खरी आहे, तिच्यासाठी कडेने 2 मीटरची पट्टी साफ ठेवा आणि तो पाला आत ढकला.

ही सेवा प्रत्येक जागी शोभत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. सिन्नर-येवल्याच्या कमी पावसाच्या माळांवर मुळात गवत आणि तुरळक झाडंच असतात. येवल्याजवळचं ममदापूर काळवीटांसाठी राखलं गेलं ते अशा माळामुळेच. तिथल्या मातीतले शेणकिडे, मुंग्या, वाळवी गवताच्या मुळांवर आणि शेणावर जगतात. असा माळ फोडून घनवन लावणं म्हणजे चालती व्यवस्था मोडणं. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडच्या उतारांवर जमिनीखाली सागाची, पळसाची खुंटं जिवंत असतात. तिथे वणवा आणि चराई थांबवली तरी रान उठतं. 2008 मध्ये संवर्धन राखीव जाहीर झालेल्या, नाशिकजवळच्या बोरगड डोंगरावर हे बघता येतं. अशा ठिकाणी पैसे कुंपण, जाळरेषा आणि राखणदारावर घाला.

काम नीट झालं का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 25 × 25 सेंटिमीटरचा चौकोन आखून 30 सेंटिमीटर खोल मातीचा ठोकळा काढा, पांढऱ्या प्लास्टिकवर हाताने फोडा आणि गांडुळं, वाणी, गोम, मुंग्या, अळ्या वेगवेगळ्या मोजा. आकडा 16 ने गुणला की चौरस मीटरचा अंदाज मिळतो. प्लॉटमध्ये निदान 3 जागी आणि शेजारच्या न हललेल्या बांधावर 3 जागी हे करा, नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही. बारीक जिवांसाठी नरसाळ्यावर 2 मिमीची जाळी, तिच्यावर 10 सेंटिमीटर घनाएवढी माती, वरून 40 वॅटचा साधा पिवळा बल्ब आणि खाली 70 टक्के अल्कोहोलची बाटली, एवढं पुरतं. एलईडी चालत नाही, उष्णता लागते. 5 ते 7 दिवसांत माती वरून वाळत जाते, जीव खाली उतरतात आणि भिंगाखाली मोजता येतात. नुसते स्प्रिंगटेल दिसले तर सुधारणा नुकती सुरू झाली आहे, कडक कवचाचे गोल माइट (तेच सावकाश वाढणारे ओरिबॅटिड) भरपूर दिसले तर माती बरेच दिवस शांत राहिली आहे.

ही मोजणी करारातच घाला. पहिली लागवडीआधीच्या सप्टेंबरमध्ये, दुसरी तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये, त्याच जागी, तुमच्यासमोर. शेवटचा हप्ता दुसऱ्या मोजणीला बांधा. ठेकेदार फक्त रोपांच्या उंचीची आणि जगण्याच्या टक्क्यांची हमी देत असेल तर दर कमी असला तरी दुसरा बघा, कारण पाणी आणि युरिया देऊन 2 वर्षं उंची दाखवता येते.