युनिव्हर्सिटीचं काउन्सेलिंग सेंटर: सहा सेशन्स झाल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. जो एक कापलाय तो आत बसणाऱ्या माणसांसाठी नाही, बाहेरच्या काउंटरसाठी आणि वेटिंगसाठी कापलाय, ते खाली सविस्तर लिहितो. युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम देत नाहीये, मला कोणाला अडचणीत आणायचं नाही, आणि दुसरीकडे शिकणाऱ्या मित्रांशी बोललो तर थोड्याफार फरकाने त्यांचाही अनुभव असाच आहे, त्यामुळे जाऊ की नको करत अडकलेल्या कोणालाही हे उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी मी का गेलो ते सांगतो. तिसरं सेमिस्टर. फार मोठं काही घडलं नव्हतं, कोणी गेलं नव्हतं, ब्रेकअप नव्हता, म्हणूनच मला वाटायचं की आपल्याला जायचा हक्कच नाही. एक सबमिशन चुकलं, त्या सरांना तोंड दाखवायला नको म्हणून त्यांचं लेक्चर बुडवलं, मग दुसरं बुडवलं, मग पहाटे चारपर्यंत जागं राहणं आणि दुपारी उठणं सुरू झालं, मेसेज उघडायचे सुद्धा जिवावर यायचं, घरून फोन आला की आवाज सारखा करून "सगळं मस्त चाललंय आई" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. दोन महिने हे सगळं अंगावर काढलं. शेवटी रूममेट म्हणाला, "आठ दिवसांत तू रूमच्या बाहेर फक्त पाणी भरायला गेलायस. ताप असता तर एव्हाना डॉक्टरकडे नेलं असतं तुला." त्यानेच लॅपटॉप उघडून सेंटरचं पेज शोधलं. शोधलं म्हणजे अक्षरशः शोधलं, वेबसाइटवर तीन मेन्यूंच्या आत दडलेलं होतं. ज्याला मेसेज उघडायची ताकद नाही त्याने ते कसं शोधायचं हा विचार कोणीतरी करायला हवा होता.

फॉर्म भरला, अपॉइंटमेंट मिळाली १९ दिवसांनंतरची. पहिली तक्रार हीच. त्या १९ दिवसांत एक फोन नाही, एक मेसेज नाही, मध्ये दोनदा मी कॅन्सल करायला निघालो होतो. आणि एक गोष्ट मला नंतर आत गेल्यावर कळली, ती आधी कळायला हवी होती म्हणून इथे ठळकपणे सांगतो: मरणाचे विचार येत असतील, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल तर तेवढं एक वाक्य फॉर्मवर किंवा काउंटरवर सांगायचं, त्यासाठी रोज काही वेळ मोकळा ठेवलेला असतो आणि त्याच दिवशी आत घेतात. वेटिंग लिस्ट त्या माणसासाठी नसतेच. मी फॉर्मवर ती टिक केली नव्हती, वाटलं उगाच जास्त होईल. करायला हवी होती. तुमच्याकडे अशी सोय आहे का ते विचारा, आणि तेवढा धीर धरवत नसेल तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला, सोबत कोणालातरी घेऊन.

काउंटरबद्दल. कॉरिडॉरमध्ये चार-पाच जण बसलेले आणि काउंटरवरच्या व्यक्तीने मोठ्याने विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे?" माझे हातपाय गळाले. मी "झोप येत नाही" म्हणून वेळ मारून नेली. माझ्या मागचा मुलगा ते ऐकून उठून निघून गेला, तो माझ्यामुळे गेला नसेलही, पण मला आजही त्याची आठवण येते. हे सुधारायला पैसे लागत नाहीत. एक बंद कागद द्या, त्यावर लिहू द्या. मी तसं फीडबॅकमध्ये लिहिलंय.

आता आतलं, म्हणजे चार स्टार कशाचे ते.

खोली छोटी. खुर्च्या समोरासमोर नाहीत, थोड्या तिरक्या, त्यामुळे सारखं डोळ्यात बघत बसावं लागत नाही, खिडकीकडे बघत बोलता येतं. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे वेळेवर लक्ष काउन्सेलर मॅडमनी ठेवायचं, मी नाही. दाराबाहेर एक छोटं यंत्र सतत पंख्यासारखा आवाज करत असतं, तो आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. हे कळल्यावर माझा आवाज पहिल्यांदा नीट निघाला.

सुरुवातीला एक पानभर फॉर्म दिला. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, २००१ पासून वापरात असलेली प्रश्नावली आहे, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत अमुक गोष्टीचा किती त्रास झाला, अजिबात नाही ते जवळपास रोज, शून्य ते तीन मार्क, एकूण २७. कशातच रस न वाटणं, झोप, थकवा, भूक, आपण नालायक आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं वगैरे. आठ प्रश्न मी भराभर भरले. नववा मरणाच्या विचारांचा. तिथे पेन थांबलं. किती वेळ माहीत नाही, मॅडम काहीच बोलल्या नाहीत, घाई केली नाही, कागदाकडे वाकून बघितलं नाही. मी "काही दिवस" वर टिक केली आणि कागद उलटा ठेवला.

त्यांनी तो सुलटा केला, बघितला आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात का? कसे येतात? काही ठरवलं होतंस का?" इतक्या साध्या आवाजात की जणू खोकला कधीपासून आहे विचारतायत. मी ठरवलं काहीच नव्हतं, फक्त उद्या उठलोच नाही तर बरं होईल असं वाटायचं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. लोकांना वाटतं की असं थेट विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार घुसेल. संशोधनात तसं दिसलेलं नाही, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर छातीवरचा दगड उतरला. मित्राबद्दल काळजी वाटत असेल तर विचारा, आडून आडून नाही, सरळ विचारा.

एकूण स्कोअर १६ आला. मॅडम लगेच म्हणाल्या की हा आकडा म्हणजे निदान नाही, आत्ता त्रास किती आहे याचा अंदाज आहे आणि पुढे तुलना करायला उपयोगी पडतो. मी म्हटलं बाकी सगळे तर व्यवस्थित चाललेत, मलाच हे का. तेव्हा त्यांनी २०१८ साली आलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, आठ देशांतल्या १९ कॉलेजांतली पहिल्या वर्षाची जवळपास १४ हजार मुलंमुली, त्यातल्या साधारण एक तृतीयांश जणांमध्ये डिप्रेशन, अँग्झायटी, व्यसन अशा कुठल्या ना कुठल्या त्रासाची लक्षणं आढळली. तीनात एक. मी लेक्चर हॉलमधल्या रांगा डोळ्यासमोर आणून मोजत बसलो.

गोपनीयतेचं टेन्शन सगळ्यांना असतं म्हणून सांगतो. घरी कळवत नाहीत, डिपार्टमेंटला कळवत नाहीत, मार्कशीटवर काही येत नाही. अपवाद पहिल्याच भेटीत सांगितले: माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, किंवा कोर्टाने मागितलं, तर बोलावं लागतं. नियम जागोजागी थोडे वेगळे असतात, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत हे विचारून घ्या, विचारण्यात काही गैर नाही, चांगला काउन्सेलर स्वतःहूनच सांगतो.

सगळ्यात मोलाची गोष्ट मिळाली दुसऱ्या सेशनला. सेफ्टी प्लॅन. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला एका कागदाचा प्लॅन, सहा पायऱ्या. आधी धोक्याची चिन्हं, म्हणजे माझं बिघडायला लागलं की काय काय होतं (माझं: फोन उलटा ठेवायला लागतो, आंघोळ टाळतो). मग एकट्याने करता येण्यासारखं काय. मग मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा. मग ज्यांच्याकडे मदत मागता येईल ती माणसं. मग डॉक्टर, सेंटर, हेल्पलाइन. आणि शेवटची, ज्याने स्वतःला इजा होऊ शकते ते हाताशी ठेवायचं नाही, दुसऱ्याकडे सोपवायचं. एक पायरी कामाला आली नाही की पुढची, आणि जास्तच वाटत असेल तर मधल्या सोडून थेट पाचवी. २०१८ च्या एका अभ्यासात इमर्जन्सीत आलेल्या रुग्णांसोबत हा प्लॅन करून नंतर फोनवर चौकशी चालू ठेवली, तर सहा महिन्यांत आत्महत्येचे प्रयत्न आणि तशा कृती ४५ टक्के कमी दिसल्या. एका कागदाची आणि चार फोनची ताकद आहे ही.

चौथ्या पायरीला तीन ओळी होत्या. पहिली मी रूममेटसाठी धरली, दुसऱ्यावर मावसभाऊ लिहिला. तिसरी रिकामी. शाळेपासूनचे एवढे ग्रुप, एवढे कॉन्टॅक्ट, आणि रात्री दोनला फोन करावा असं तिसरं नाव सापडेना. मॅडम म्हणाल्या राहू दे रिकामी, ती भरणं हे आपलं पुढच्या महिन्याचं काम. चौथ्या आठवड्यात तिथे आईचं नाव लिहिलं. त्याच्या आदल्या दिवशी तिला फोनवर पहिल्यांदा खरं सांगितलं होतं, ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "मला आवाजावरून कळत होतं रे, तू सांगशील म्हणून थांबले होते."

झोपेचं काम साधं पण चिकाटीचं. उठायची वेळ पक्की, रात्री कितीही वाजता झोपलो तरी. बेड फक्त झोपायला, त्यावर लॅपटॉप नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत. ही पद्धत १९७२ पासूनची आहे, रिचर्ड बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची. पहिले पाच-सहा दिवस फार वाईट गेले, दुसऱ्या आठवड्यात फरक पडला. कॉफीचं पण गणित कळलं, शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला प्यायलेल्यातलं निम्मं अकराला पण अंगात असतं. मी रात्री नऊला पीत होतो.

आणि ते सर, ज्यांना मी दोन महिने चुकवत होतो. तिसऱ्या सेशनमध्ये मॅडमनी विचारलं की त्यांना लिहायला किती ओळी लागतील. चार, मी म्हटलं. मग आत्ताच लिही. तिथे बसून लिहिल्या, पाठव दाबताना हात गार पडले होते. संध्याकाळी उत्तर आलं, "गुरुवारी भेट, उशिराचे मार्क कापले जातील पण सबमिट होईल." दोन महिने डोक्यात जे राक्षस झालं होतं ते एवढंसं होतं. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती वाढते, हे चक्र त्यांनी आधी कागदावर काढून दाखवलं होतं, पण पटलं ते गुरुवारी.

उरलेल्या तक्रारी पटकन. सहाच सेशन्सची मर्यादा आहे, माझं भागलं, ज्याचं दुखणं जुनं आहे त्याचं भागणार नाही, त्याला बाहेर पाठवतात, पण ती पाठवणी म्हणजे नुसती नावांची यादी हातात नको, पहिला फोन सेंटरने लावून द्यावा. वेळ दहा ते पाच, म्हणजे नेमकी लेक्चर्सची. परीक्षा जवळ आली की वेटिंग दुप्पट होतं, म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीलाच नाव नोंदवा. चौथ्या सेशनला मॅडम रजेवर होत्या आणि नवीन सरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, फाइल वाचून येता आलं असतं. औषधं इथे मिळत नाहीत, गरज वाटली तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतात, माझ्या ओळखीच्या एकीला पाठवलं आणि तिला औषधांनी खरंच फरक पडला. आणि एखाद्याशी सूर जुळला नाही तर काउन्सेलर बदलून मागता येतो, कोणी रागावत नाही, पण हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितोय.

मुलग्यांना एक वेगळं सांगतो. वेटिंगमध्ये सहाही वेळा मुली जास्त होत्या. त्रास आपल्याला कमी होतो म्हणून नाही, आपण येत नाही म्हणून. जगभरात आत्महत्येने जाणाऱ्यांत पुरुष बायकांच्या दुपटीहून जास्त आहेत. या, बसा, पहिल्या दिवशी झोपेबद्दलच बोला हवं तर, मीही तिथूनच सुरुवात केली होती.

शेवटच्या सेशनला तोच फॉर्म परत भरला. स्कोअर ७. नवव्या प्रश्नावर शून्य, आणि पेन थांबलं नाही. सहा आठवड्यांनी एक फॉलो-अप आहे, तारीख घेऊन ठेवली आहे.

सेफ्टी प्लॅनचा कागद घडी घालून फोनच्या कव्हरमागे ठेवलाय. नावं लिहायच्या आधी त्या माणसाला विचारायचं असतं, हा नियम आहे, म्हणून पहिल्या ओळीवर लिहायच्या आधी मी रूममेटला विचारलं होतं. तो चार्जर शोधत होता, वर न बघता म्हणाला, "लिही की. मी तर महिनाभरापासून फोन सायलेंटवर टाकतच नाहीये."