फॉक्स 40 क्लासिक: खेळाडूंनी घेरलं की ही शिट्टी किती साथ देते

फुटबॉलमध्ये पेनल्टी दिली की पाच सेकंदांत सात-आठ जण रेफ्रीच्या अंगावर येतात, बेंचवरून कोच ओरडत असतो. त्याच वेळी शिट्टी फुसकी वाजली तर निर्णय बरोबर असूनही कुणाला तो पटत नाही. म्हणून नव्या रेफ्रीने किटमधला पहिला खर्च शिट्टीवर करावा.

साध्या शिट्टीत बुचाची गोळी असते. थुंकीने आणि पावसाने ती फुगते, चिखलाचा कण अडकतो आणि जोरात फुंकलं की नेमका आवाज बसतो. कॅनडाचे बास्केटबॉल रेफ्री रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी 1984 साली ब्राझीलमध्ये ऐन सामन्यात अशीच अडकली आणि त्यातून 1987 मध्ये ही बिनगोळीची शिट्टी आली. आत तीन कप्पे, तिन्हींचा सूर किंचित वेगळा, त्यामुळे आवाज धारदार येतो. कंपनी 115 डेसिबल सांगते. मुंबईच्या कूपरेजएवढ्या मोठ्या मैदानावर पलीकडच्या कोपऱ्यातल्या बॅकलाही पहिल्या फुंकीत कळतं. जुलैच्या पावसात पाणी शिरलं तरी एक झटका दिला की पुन्हा वाजते.

मुंबईत धोबी तलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत घेताना आधी हळू, मग पूर्ण दमाने फुंकून बघा. अस्सल शिट्टीचा आवाज दमाबरोबर चढत जातो. जोर दिल्यावर सूर फाटला तर ती घेऊ नका.

गळ्यातल्या दोरीपेक्षा बोटात अडकवायची पकड घ्या, हे आमचं ठाम मत. तोंडात शिट्टी धरून पळणारा रेफ्री घाईने फुंकतो, मग ॲडव्हान्टेज (फाउल झालेल्या संघाचा फायदा दिसत असेल तर खेळ चालू ठेवणं) हातचा जातो आणि गराडा पडायला कारण मिळतं. हात तोंडापर्यंत जायला लागणारा अर्धा सेकंद विचाराला पुरतो. चेहऱ्यावर बॉल बसला तर दातही वाचतात.

शिट्टी चांगली असली तरी फुंकण्याला भाषा हवी. साध्या फाउलला छोटी फुंक, पेनल्टीला किंवा धोकादायक टॅकलला लांब आणि जोरदार. थ्रो-इन, गोल किकला सहसा शिट्टी लागतच नाही. ऊठसूट वाजवली तर गरजेच्या वेळी कुणी दाद देत नाही. पेनल्टीची शिट्टी दिली की जागेवर थांबू नका, बाजूला चालू पडा. पाठ मोकळी सोडायची नाही, सगळे समोर दिसले पाहिजेत.

स्पर्धेत ‘फक्त कर्णधार बोलेल’ हा नियम लागू आहे का, ते टॉसआधी आयोजकांना विचारा. युरो 2024 या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत तो दिसला. इशारा असा: हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर, मग तळवे पुढे करून ढकलल्यासारखं. रेफ्रीभोवती 4 मीटरच्या आत कर्णधाराशिवाय कुणी नको. कर्णधार गोलकीपर असेल तर बोलायला मैदानातला दुसरा खेळाडू आधीच ठरवून घ्या. ऐकलं नाही तर पिवळं कार्ड. बेंचवरचा आरडाओरडाही सहन करायची गरज नाही. 2019 पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं, आणि नेमकं कोण बोललं ते कळलं नाही तर टेक्निकल एरियातल्या (बेंचभोवतीच्या आखलेल्या जागेतल्या) मुख्य कोचला.

इथे कार्डांची नोंद ठेवायच्या वहीचं महत्त्व कळतं. 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडचे रेफ्री ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या 3 नंबरच्या शिमुनिचला दोन पिवळ्यांवर बाहेर काढायचं सोडून तीन पिवळी कार्डं दाखवली, कारण एक नोंद चुकून ऑस्ट्रेलियाच्या 3 नंबरवर गेली होती. नंबरासोबत संघाचा रंगही लिहा, आणि लिहून झाल्याशिवाय खेळ सुरू करू नका. पिवळं कार्ड शर्टाच्या खिशात, लाल शॉर्टच्या. दोन्ही एकाच खिशात असली की गोंधळात चुकीचं कार्ड वर येतं.

फॉक्सची खरी उणीव टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर कळते. मुंबईत अंधेरी-मालाडकडे दोन-तीन टर्फ चिकटून असतात. सगळ्यांकडे हीच शिट्टी, त्यामुळे शेजारच्या शिट्टीला आपला डिफेंडर थांबतो, गोल होतो आणि अख्खी टीम रेफ्रीवर धावते. तिथे वेगळ्या सुराची ॲक्मे कंपनीची गोळीवाली थंडरर शिट्टी घ्या. छोट्या मैदानावर तिचा आवाज पुरतो, आणि पत्र्याच्या छपराखाली फॉक्स कानालाही सोसत नाही. पावसाळ्यात मात्र तीही दगा देऊ शकते, तेव्हा फॉक्स खिशात राहू द्या.