सिंकवरचा पुल-आउट मिक्सर: नळ चांगला, पाय लटपटते

गरम-थंड पाणी एकत्र करणारा हा मिक्सर नळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बसला आणि आता उन्हाळा सुरू झाला आहे, म्हणजे नव्याची नवलाई ओसरून त्याच्याबद्दल शांतपणे लिहिण्याइतका काळ नक्कीच गेला आहे. एकच दांडी, उंच फिरणारी मान, ओढून बाहेर येणारे दोन धारांचे तोंड आणि सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे दांडीखालचा पाणी सोडणारा-अडवणारा भाग, या गोष्टी खोक्यावर छापलेल्या असतातच, त्यामुळे त्यांची उजळणी मी करत नाही. ज्या गोष्टीबद्दल खोक्यावर एक अक्षरही नसते तिच्याबद्दल मला लिहायचे आहे, ती म्हणजे हा नळ सिंकला नेमका कशाने धरलेला असतो.

तो धरलेला असतो आठ मिलिमीटर जाडीच्या एका आट्यांच्या दांड्याने, ज्याला दुकानदार स्टड म्हणतात, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका पत्र्याच्या चकतीने, तिच्या वर बसणाऱ्या तशाच आकाराच्या रबराने आणि एका नटाने. आठ हजारांच्या घरातल्या वस्तूची सगळी भिस्त या चार जिनसांवर असते, आणि त्या चारही जिनसा मिळून वाटीभरसुद्धा ऐवज होत नाही.

पहिले काही महिने तक्रारीला जागा नव्हती. दिवाळीच्या फराळाची मोठी भांडी घासायला पडू लागली तेव्हा आमच्या मावशींनी प्रथम सांगितले, "ताई, नळ डुलतोय बघा. एक दिवस हातात येईल." मान या कडेहून त्या कडेला फिरवताना सगळा नळच तिच्याबरोबर किंचित वळत होता. मान डावीकडे ढकलली की बैठकीची उजवी कड केसभर उचलली जायची, तिथे साठलेले साबणाचे पाणी एक बारीक बुडबुडा सोडून आत ओढले जायचे, आणि हात काढला की कड पुन्हा टेकायची. हा प्रकार दिवसातून कितीदा होत असेल याचा विचार केल्यावर खालच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीला फुगवटा का आला, तेही कळले. कनेक्शन पाइप गळत असावा असा संशय घरात सर्वांनाच होता, पण कोरडा कागद लावून पाहिला तेव्हा पाइपांचे दोन्ही जोड कोरडे निघाले आणि स्टडचे टोक ओले. पाणी वरून, भोकातून, दांड्यावरून ओघळत खाली येत होते.

डुलणारा नळ केवळ डोळ्यांना खुपतो म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी थोडे गणित मांडते. मानेचा वरचा भाग बैठकीपासून साधारण पस्तीस सेंटिमीटर उंच आहे आणि बैठकीची त्रिज्या अडीच सेंटिमीटर. वरच्या टोकाला दोन किलो वजनाइतका जोर आडवा लावला, आणि तोंड ओढून बाहेर काढताना तेवढा सहज लागतो, तर तो बैठकीच्या कडेशी चौदापट होऊन अठ्ठावीस किलोंवर जातो. तो सगळा ताण तो एकटा स्टड पेलतो, आणि तोही बहुतेक नळांत बैठकीच्या मध्यावर नसून एका अंगाला असतो, कारण मधली जागा गरम पाणी, थंड पाणी आणि तोंडाचा पाइप अशा तिघांना हवी असते. त्यामुळे एका दिशेला नळ घट्ट वाटतो आणि दुसऱ्या दिशेला झुकतो.

कंपनीच्या ॲपवर तक्रार नोंदवली. जो तंत्रज्ञ आला तो सौजन्याने वागला, पण त्याने वाकून नट अर्धा फेरा आवळला, बैठकीभोवती पारदर्शक सिलिकॉनची रेघ ओढली आणि भेटीचे शुल्क मागितले. मी वॉरंटीचे कार्ड पुढे केले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वॉरंटी कार्ट्रिजला आणि पॉलिशला आहे. फिटिंग ढिली झाली तर ते आमच्यात येत नाही." फिटिंगही याच कंपनीच्या माणसाने पैसे घेऊन केलेली होती, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते आणि नंतर फोनवरच्या मुलीजवळही नव्हते. सिलिकॉन हा पाणी अडवणारा पदार्थ आहे, ओझे धरणारा नव्हे. शिवाय त्याला वाळायला साधारण एक दिवस द्यावा लागतो, आणि आमच्याकडे तो माणूस जिना उतरेपर्यंत नळ सुरू करण्याची वेळ आली होती. संक्रांतीपूर्वीच रेघ एका बाजूने सुटली आणि डुलणे परत आले. त्या दिवशी या नळाला मी दोन तारे दिले असते आणि दुसऱ्या ताऱ्याबद्दलही हात आखडता घेतला असता.

ते मत बदलले ते आमच्या गल्लीतल्या जुन्या प्लंबरमुळे. त्यांनी नळाला हात लावण्याआधी मला ट्रॉली रिकामी करायला लावली, हातात बॅटरी दिली आणि खाली बघायला सांगितले. स्वतः वरून एका हाताने बैठक दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने मान हलवली, तेव्हा मान जागच्या जागी फिरली, म्हणजे मानेच्या सांध्यात दोष नव्हता. मग बैठक सोडून सगळा नळ हलवला. खाली नालेची चकती सिंकवर सरकत नव्हती, नटही फिरत नव्हता. चकतीसकट सिंकचा पत्राच वरखाली होत होता, डब्याचे झाकण अंगठ्याने दाबल्यावर टकटकते तसा. "नळाचा दोष नाही हो, ताई," ते म्हणाले, "पत्र्याला कणाच नाही."

हे समजून घेण्यासारखे आहे. घरगुती स्टेनलेस स्टीलच्या सिंकचा पत्रा बहुधा पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतो. जिथे तो वाकवलेला असतो, म्हणजे भांड्याच्या काठाशी आणि बाहेरच्या कडेला, तिथे तो ताठ असतो. या दोन वाकांच्या मधली सपाट पट्टी मात्र नुसत्या पत्र्याचीच, आणि नळाचे पस्तीस मिलिमीटरचे भोक नेमके तिच्या मधोमध पाडलेले असते. सिंक ३०४ ग्रेडचा आहे म्हणून तो डगमगणार नाही असे समजू नये, कारण ग्रेड गंजाबद्दल सांगते, जाडीबद्दल नाही. एवढ्या पातळ पट्टीवर नट कितीही आवळला तरी पत्रा वाकत राहतो, प्रत्येक हेलकाव्याबरोबर नटावरचा ताण कमीजास्त होतो आणि शेवटी तो सैल पडतो.

यावरचा इलाज म्हणजे त्या पट्टीला खालून आधाराचा तुकडा देणे. प्लॅस्टिकच्या तिकोनी आधारपट्ट्या ऑनलाइन मिळतात, पण त्या मागवून वाट पाहण्याऐवजी सुताराकडे पडलेला बारा मिलिमीटर जाडीचा मरीन प्लायचा उरलेला तुकडा आम्ही वापरला. तो आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा असावा, कारण साधा कमर्शियल प्लाय ओलाव्याने काही महिन्यांत पापुद्रे सोडतो. तुकड्याची रुंदी हा या कामाचा जीव आहे. त्याची एक कड भांड्याच्या भिंतीला आणि दुसरी बाहेरच्या वाकाला टेकली पाहिजे, म्हणजे नळाचा भार सपाट पट्टीवर न राहता दोन्ही ताठ कडांवर जातो. चकतीपेक्षा थोडा मोठा चौकोन कापून मधोमध लावला तर फरक पडतो, पण निम्माच.

काम करताना दोन्ही अँगल कॉक, म्हणजे सिंकखालचे पाणी बंद करायचे छोटे नळ, बंद केले, नळ उघडून पाइपातला दाब काढला आणि कनेक्शन पाइप खालून सोडवले. तुकड्याला भोक पाडून त्याच्या एका बाजूला खाच ठेवली, त्यामुळे नळ पूर्ण उपसावा लागला नाही. कापलेल्या कडांना प्राइमरचे दोन हात दिले. स्टडच्या टोकाला पेचकसासाठी खाच असते. त्या खाचेत पेचकस घालून पाहिला तर दांडा नळाच्या अंगात आणखी चांगले चार-पाच आटे आत गेला, म्हणजे बसवणाऱ्याने तो अर्धवटच फिरवून ठेवला होता. असा अर्धवट दांडा जोराने आवळला तर पितळेचे आटे झिजतात आणि मग सगळा नळच टाकून द्यावा लागतो. त्यानंतर क्रम असा लावला: सिंकचा पत्रा, प्लायचा तुकडा, रबर, नालेची चकती, आणि सोबत आलेल्या नटाच्या जागी आठ मिलिमीटरचा नायलॉक नट. नायलॉक नटात वरच्या बाजूला नायलॉनचे कडे असते, ते आट्यांना चावून बसते आणि हादऱ्याने नट उलटा फिरू देत नाही. त्याला तेरा नंबरचा लांब पोकळ टी पाना लागतो, कारण दांडा नटाच्या बराच खाली उतरलेला असतो आणि साधा पाना त्या अडचणीच्या जागेत फिरतच नाही. आवळताना वर एकाने नळ सरळ धरून ठेवावा, नाही तर नळ वळतो आणि त्याच्याबरोबर पाइपांना पीळ बसतो. प्लंबर म्हणाले की जुन्या पद्धतीने एम-सील लावले तरी नळ घट्ट होईल, पण उद्या पाइप बदलायचा झाला तर नळ निघणार कसा, म्हणून मी नको म्हटले आणि त्यांनाही ते पटले.

पाइप परत जोडताना टेफ्लॉन टेप लावू नये. अर्ध्या इंची टोकात रबरी वॉशर आणि नळाकडच्या बारीक टोकाला ओ-रिंग असते, पाणी तेच अडवतात. हाताने घट्ट बसवून वर पान्याचा थोडासा फेरा पुरे होतो. तोंड आत ओढून घेण्यासाठी त्याच्या पाइपला अडकवलेले वजनही जागच्या जागी, पाइपवरच्या खुणेशी लावावे. ते खाली कचऱ्याच्या डब्याला अडले तर तोंड आत जात नाही, मग माणूस ते ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच नळ पुन्हा सैल व्हायला सुरुवात होते.

परिणाम असा की आता मान धरून जोराने हलवली तरी बैठकीची कड उचलत नाही, ट्रॉली कोरडी आहे आणि मावशींनी नळाचा विषय काढणे बंद केले आहे. खर्च म्हणाल तर प्लायला काही पडले नाही, नटाला चहाच्या कपापेक्षा कमी, आणि प्लंबरांची मजुरी कंपनीच्या नुसत्या भेटीच्या शुल्काहून कमी झाली. हे वाक्य लिहिताना मला जो राग येतो तो नळावरचा नाही. एवढा महाग नळ विकणाऱ्यांना खोक्यात प्लॅस्टिकची एक आधारपट्टी आणि एक नायलॉक नट टाकायला काय होते, हे मला अजून कळलेले नाही. मखमली पिशवी मात्र त्यांनी आठवणीने दिली आहे.

बाकी नळाविषयी थोडक्यात. कार्ट्रिज पहिल्या दिवसाइतके मऊ चालते. आम्ही वाघोलीत राहतो, उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, त्यामुळे क्षाराने तोंडाची जाळी भरते आणि धार वाकडी होते. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की ती मोकळी होते. फवाऱ्याचे बटण कढई धुताना फार उपयोगी आहे.

ज्यांचा नळ भिंतीतून येतो त्यांनी मात्र हा उपाय जसाच्या तसा घेऊ नये. तिथे डुलण्याचे कारण बहुधा टाइलमागचा एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) सिमेंटने नीट पकडलेला नसणे हे असते, किंवा एल्बो खोल गेल्यामुळे मध्ये एक्स्टेन्शन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, घातलेले असते, आणि भिंतीला टेकणारी गोल चकती, फ्लँज, ते सगळे झाकून टाकते. असा नळ हलवत राहिले तर सीपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपचा जोड भिंतीच्या आत तडकू शकतो. तिथे टेफ्लॉनचे वेढे वाढवून भागत नाही. फ्लँज मागे सरकवून एल्बोभोवतीची पोकळी भरून घ्यावी लागते.

नवा नळ घेणाऱ्यांनी दुकानात चकाकी पाहण्याआधी नळ उलटा करून बघावा. खाली एकच स्टड आहे की दोन, की पूर्ण जाड आट्यांची नळी आणि तिच्यावर रुंद लॉकनट आहे, ते पाहावे. शेवटचा प्रकार असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही, कारण त्यात पकड भोकाच्या चोहोबाजूंनी मिळते. ओट्याच्या ग्रॅनाइटला भोक पाडून नळ तिथे बसवता येत असेल तर त्याहून बरे. अठरा-वीस मिलिमीटरचा दगड वाकत नाही आणि मग एक स्टडही पुरतो. आमच्याकडे सिंकच्या मागे तेवढी जागा नव्हती.

तारे द्यायचेच तर नळाला चार, त्याच्या खालच्या सामानाला एक आणि सेवेला एकही नाही. भेटीचे शुल्क परत मिळावे म्हणून मी लेखी मागणी केली, तिला उत्तर आले नाही, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचा फोन दोनच दिवसांत आला आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केले. मी ते नाकारले आहे, कारण मला दुसरा नळ नको आहे, शुल्क परत हवे आहे. ॲपवर तक्रारीपुढे सध्या "कार्यवाही सुरू" असे दिसते.