आजोबा-बाप-मुलगा टेप रोटेशन, १४ महिन्यांनंतर : पाचव्या शुक्रवारचं काय?

डिसेंबर २०२४ पासून आमच्या कार्यालयातल्या बॅकअपच्या टेपा आजोबा-बाप-मुलगा पद्धतीनं फिरतात, म्हणजे ठरलेल्या क्रमानं पुन्हा पुन्हा वापरल्या जातात : रोजच्या टेपा मुलगा, शुक्रवारच्या बाप आणि महिन्याच्या आजोबा. वर्ष पूर्ण झालं तेव्हाच मी हा अनुभव लिहायला घेतला होता आणि त्यात तक्रार करावी असं फारसं काही नव्हतं. २७ जानेवारीला ते लिखाण मी बाजूला टाकलं.

त्या दिवशी सुट्या भागांच्या साठ्याची नोंदवही उघडली तर सांकेतिक क्रमांक एका भागाचे आणि शिल्लक भलत्याच भागाची. कुणीतरी एकाच स्तंभाला क्रम लावला होता, शेजारचे स्तंभ जागच्या जागी राहिले होते. शोध घेतल्यावर कळलं की हे मंगळवारी, ६ जानेवारीला झालंय. म्हणजे ३ आठवडे सगळे चुकीच्या वहीवर काम करत होते. दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री मिरर, म्हणजे हुबेहूब प्रत होते, पण आरशासमोर तोंड वाकडं केलं तर आरसाही वाकडंच दाखवणार. तिथंही तीच बिघडलेली वही होती. मला मात्र काळजी वाटली नाही. २ जानेवारीच्या शुक्रवारची साप्ताहिक टेप आहे, ती लावू आणि मोकळे होऊ, असंच वाटलं.

टेप लावली. तिच्यावर २३ जानेवारीचा बॅकअप होता.

हिशोब असा. सोमवार ते गुरुवारच्या ४ टेपा, शुक्रवारच्या ३ आणि महिन्याच्या १२, अशा एकूण १९. महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी मासिक टेप लागते, म्हणून आधीच्या शुक्रवारांना ३ टेपा पुरतात. महिन्यात ४ शुक्रवार असतील तर हे बरोबर आहे. जानेवारी २०२६ मध्ये ते ५ होते : २, ९, १६, २३ आणि ३०. चौथ्या शुक्रवारी मासिक टेपेची पाळी आलेली नव्हती आणि चौथी साप्ताहिक टेप आमच्याकडे नव्हतीच. सॉफ्टवेअरनं तिघींमधली सर्वांत जुनी उचलली आणि तिच्यावर लिहून टाकलं. ६ तारखेच्या आधीची सर्वांत ताजी प्रत उरली ती २६ डिसेंबरच्या मासिक टेपेवर. २ जानेवारीची टेप असती तर फक्त सोमवारच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या असत्या. आता २९ डिसेंबर ते ५ जानेवारी असे कामाचे ६ दिवस गेले. दोघांनी पावत्या शोधून शोधून ते भरले, त्याला ४ दिवस लागले. शिवाय ६ तारखेनंतरच्या नोंदी तपासून वहीत चढवायच्या होत्या त्या वेगळ्याच.

सुरुवातीला २० ऐवजी १९ टेपा घ्यायचं मीच ठरवलं होतं. एक टेप वाचवली म्हणून. ती काटकसर आजही मला टोचते.

आणि हा प्रकार पहिल्यांदा झाला नव्हता. वर्षात ५२ किंवा ५३ शुक्रवार असतात, १२ महिन्यांना ४-४ दिले तर ४८ होतात. उरलेले ४-५ कुठल्या ना कुठल्या महिन्यात पाचवे म्हणून येणारच. २०२५ मध्ये जानेवारी, मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबर असे ४ महिने होते. चारही वेळा पहिल्या शुक्रवारची टेप आठवडाभर आधीच पुसली गेली आणि अहवालात 'यशस्वी' असं लिहून आलं. त्या प्रतीची कुणाला गरज पडली नाही, एवढंच.

सगळा राग टेपेच्या संख्येवर काढून मी विसावी टेप मागवली. दोन दिवसांनी सेटिंग बघत बसलो तेव्हा मत बदललं. टेप कमी होती ही अर्धी चूक. उरलेली अर्धी पुनर्लेखन-संरक्षणाच्या मुदतीत होती, म्हणजे जितके दिवस सॉफ्टवेअर टेपेवर पुन्हा लिहू देत नाही त्या मुदतीत. साप्ताहिक टेपांना आम्ही ३ आठवड्यांना थोडी कमी मुदत दिली होती. २ तारखेची टेप २३ तारखेच्या बॅकअपला बरोबर मोकळी झालेली होती. तिथं ४ आठवडे असते तर सॉफ्टवेअर अडून बसलं असतं, नवी टेप मागितली असती आणि ही उणीव जानेवारी २०२५ मध्येच उघडी पडली असती. तेव्हा संरक्षणाची मुदत आपल्याकडे टेपा किती आहेत ते बघून ठेवू नका, प्रत किती दिवस हवी आहे ते बघून ठेवा. टेपा कमी पडत असतील तर बॅकअप अडू दे, ओरडू दे. आता आम्ही २७ दिवस ठेवलेत. पूर्ण २८ ठेवले तर गडबड होते, कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मुदत बॅकअप संपल्यापासून मोजली जाते आणि पुढच्या महिन्यातला पहिला शुक्रवार काही तासांनी हुकतो.

मधल्या काळात टेपा फिरवायच्या दुसऱ्या एका पद्धतीचा, हनोईच्या मनोऱ्याचा, मोह झाला. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये आणलेल्या कोड्यावरून ती घेतलेली आहे. ५ टेपांत पहिली एक दिवसाआड, दुसरी दर ४ दिवसांनी, तिसरी ८ आणि शेवटच्या दोन १६ दिवसांनी. तिथं शुक्रवारचा प्रश्नच येत नाही, कारण ती महिना मोजत नाही, पाळ्या मोजते. पण आज कुठली टेप लावायची हे तक्ता बघितल्याशिवाय सांगता येत नाही आणि मी रजेवर असताना टेप बदलणाऱ्या माणसाकडून चूक होणार हे मला दिसत होतं. 'गुरुवार' लिहिलेली टेप गुरुवारी लावायला कुणाला शिकवावं लागत नाही. शिवाय महिनाअखेरची प्रत वर्षभर हवी, ती तिथं आपोआप मिळत नाही. विचार सोडला.

आजोबांच्या बाबतीत मात्र मी चुकीचा ठरलो. १२ मासिक टेपा दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात नेऊन ठेवायच्या आणि वर्षभर हात लावायचा नाही, हा मला नसता उपद्व्याप वाटायचा. २६ डिसेंबरची टेप आणली, लावली आणि वही पहिल्या फटक्यात, एकही त्रुटी न येता उतरली. ती टेप कुठल्याही यंत्राला जोडलेली नव्हती, म्हणून कुणाची चूक तिच्यापर्यंत पोचू शकली नाही. त्या दिवशी तिनं आम्हाला वाचवलं.

टेपांच्या झिजेकडेही लक्ष ठेवा. सोमवारची टेप वर्षात ५२ वेळा लिहिली जाते, मार्चची एकदाच. म्हणून झिजलेल्या टेपेच्या बदली नवी टेप आली की ती मासिक गटात घालतो, रोजच्या वापरातली तिकडे कधीच जात नाही. आणि टेपा किती लागतील हे काढताना एलटीओ-६ या प्रकारच्या टेपेच्या खोक्यावरचे ६.२५ टीबी (टेराबाइट) धरू नका. तो आकडा डेटा अडीच पट दाबला जाईल असं गृहीत धरून छापलेला आहे. खरी क्षमता २.५ टीबी आणि आमचे फोटो तर जवळपास दबतच नाहीत.

विसावी टेप आली, तिच्यावर 'शुक्रवार ४' असं लेबल लावलं. २०२६ मध्ये ५ शुक्रवारांचे महिने यापुढे मे, जुलै आणि ऑक्टोबर. २२ मेच्या रात्री सॉफ्टवेअर तीच टेप मागतं की पुन्हा 'शुक्रवार १' वर जातं, हे मी स्वतः थांबून बघणार आहे. काय होतं ते इथंच लिहीन.