एसटीपी ऑपरेटरच्या प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा: कोणती योजना कोणाच्या कामाची?

सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजेच एसटीपी, उभारायला सरकारी निधी मिळवण्याची वाट आता बऱ्यापैकी मळलेली आहे. प्रकल्प अहवाल, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश या क्रमाने काम पुढे सरकते. तेच केंद्र चोवीस तास चालवणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणासाठी मात्र एकही स्वतंत्र खिडकी नाही. कौशल्य विकास, शिक्षण, नगरविकास आणि सामाजिक न्याय अशा निरनिराळ्या खात्यांच्या योजनांत हा पैसा विखुरलेला आहे आणि प्रत्येक योजनेने ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून वेगळाच माणूस डोळ्यांसमोर ठेवलेला आहे. हा आढावा नगरपरिषदेचे मुख्याधिकारी व पाणीपुरवठा अभियंते, औद्योगिक वसाहतीतील सामायिक प्रक्रिया केंद्रांचे व्यवस्थापक, मोठ्या गृहसंकुलांचे पदाधिकारी आणि देखभाल-दुरुस्तीचे कंत्राट घेणाऱ्या कंपन्या यांच्यासाठी लिहिला आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालावरून दिसते. देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, प्रक्रियेची स्थापित क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे आणि प्रत्यक्ष प्रक्रिया मात्र २०,२३६ दशलक्ष लिटरवरच होते, असे हा अहवाल सांगतो. स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष प्रक्रिया यांतली तूट केवळ अप्रशिक्षित मनुष्यबळामुळे आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कित्येक ठिकाणी भुयारी गटारांच्या जोडण्याच झालेल्या नाहीत. परंतु सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचते, वीजही असते आणि तरीही बाहेर पडणारे पाणी गढूळ असते, अशी केंद्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ऑपरेटरचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

ऑपरेटरला नेमके काय यावे लागते, हे आधी ठरवल्याशिवाय योजनांची तुलना करता येत नाही. एक साधी चाचणी घेऊ. एरेशन टाकीतले, म्हणजे हवा सोडून सांडपाण्यावर प्रक्रिया होते त्या टाकीतले, पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घ्यायचे, पात्र न हलवता ३० मिनिटे ठेवायचे आणि गाळ किती मिलिलिटरच्या रेषेपर्यंत बसला ते वाचायचे. गाळ ३०० मिलिलिटरला बसला असेल आणि टाकीतल्या घन पदार्थांचे प्रमाण, म्हणजे एमएलएसएस, लिटरला ३,००० मिलिग्रॅम असेल, तर गाळाचा निर्देशांक, म्हणजे एक ग्रॅम घन पदार्थ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, १०० येतो आणि गाळ चांगला बसतो आहे असे समजावे. हाच आकडा १५० च्या बराच वर गेला तर गाळ फुगू लागला आहे आणि उद्या-परवा तो पाण्याबरोबर बाहेर वाहून जाण्याची शक्यता आहे. पात्र भरणे कोणालाही एका दिवसात शिकवता येते. आकडा वाढताना पाहून गाळ किती काढायचा, किती परत टाकीत फिरवायचा आणि टाकीत हवा सोडणारा ब्लोअर किती वेळ चालवायचा हे ठरवणे मात्र पावसाळा, उन्हाळा आणि सणासुदीचा वाढीव भार असे सगळे ऋतू त्याच टाकीजवळ काढल्यावरच जमते. त्यामुळे ज्या योजनेत माणूस केंद्रावर जास्त काळ राहतो ती योजना, अनुदानाचा आकडा लहान असला तरी, या कामासाठी अधिक मोलाची मानावी असे माझे मत आहे.

शिकाऊ उमेदवारी: केंद्राची की राज्याची?

नवा माणूस घडवायचा असेल तर पहिली तुलना तीन योजनांत होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि ती शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या चौकटीत चालते. या योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका वाटा उचलते आणि २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत पदविका आणि पदवीधारक येतात आणि त्यांच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र उचलते. पश्चिम विभागासाठी या योजनेचे मंडळ मुंबईत आहे. तिसरी, राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ मध्ये आली. तिच्यात बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये राज्य सरकार देते आणि आस्थापनेला त्यासाठी काहीही भरावे लागत नाही.

हिशेब मांडला की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन ७,००० रुपये धरले, तर पहिल्या योजनेत वर्षभराच्या ८४,००० रुपयांपैकी १८,००० सरकारचे आणि ६६,००० आस्थापनेचे असतात. पदविकाधारकाचे किमान विद्यावेतन ८,००० धरले तर दुसऱ्या योजनेत आस्थापनेवर वर्षाला ४८,००० रुपयांचाच बोजा पडतो. म्हणजे जास्त शिकलेला उमेदवार आस्थापनेला स्वस्त पडतो. म्हणून अनेक लेखापालांचा कल साहजिकच पदविकाधारकाकडे जाईल; परंतु पदविकाधारक तरुण एसटीपीच्या पाळीला नोकरी म्हणून बघत नाही, पर्यवेक्षकाच्या जागेची पायरी म्हणून बघतो, आणि वर्ष संपताच बहुधा निघून जातो. ज्याच्या हाती पुढची दहा वर्षे पॅनेल आणि पंप द्यायचे आहेत तो बहुतेक ठिकाणी फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा केमिकल प्लांटच्या अटेंडंट ऑपरेटरचा आयटीआय केलेला स्थानिक मुलगा असतो, आणि त्याच्यासाठी पहिलीच योजना योग्य आहे. पदविकाधारक घ्यायचाच असेल तर तो मोठ्या केंद्रात, प्रयोगशाळा आणि नोंदी सांभाळण्यासाठी घ्यावा.

राज्याची योजना खर्चाच्या बाबतीत अर्थातच सर्वांत आकर्षक आहे आणि तंगीतल्या नगरपरिषदेला तिचा मोह पडणे समजण्यासारखे आहे. तिची मुदत मुळात ६ महिन्यांची होती, ती पुढे ११ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. पण ही योजना कार्यानुभवासाठी आहे. तिच्यात सांडपाणी प्रक्रियेचा ठरलेला अभ्यासक्रम नाही आणि त्या विषयाची वेगळी परीक्षाही नाही. शिवाय नगरपरिषदेत असे उमेदवार आले की त्यांना आवक-जावक आणि संगणकाच्या कामाला जुंपले जाते, केंद्रावर पाठवले जात नाही, हा अनुभव नवा नाही. तेव्हा ही योजना घेतलीच तर नेमणूक पत्रातच कामाचे ठिकाण म्हणून प्रक्रिया केंद्राचे नाव लिहावे.

शिकाऊ उमेदवार अधिनियमाची एक बाजू अनेक आस्थापनांच्या ध्यानात राहत नाही. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे मोठ्या कारखान्याला किंवा मध्यम आकाराच्या कंत्राटदाराला उमेदवार घ्यायचेच असतात, फक्त ते कोणत्या विभागात घ्यायचे एवढेच ठरवायचे असते. तारापूर, तळोजा किंवा बुटीबोरीसारख्या वसाहतींतल्या कारखान्यांनी आपल्या ठरलेल्या संख्येतले एक-दोन उमेदवार स्वतःच्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रावर, घेतले, तर त्यांना जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य येईल. ग्रीन जॉब्ज कौशल्य परिषदेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या तंत्रज्ञाचे आणि मदतनिसाचे अभ्यासक्रम आहेत. ऐच्छिक ट्रेड, म्हणजे आस्थापनेने स्वतः निवडायचा शिकाऊ उमेदवारीचा व्यवसाय, ठरवताना ते आधी पाहावेत.

केंद्रावर आधीच असलेल्या माणसाचे काय?

वरच्या तिन्ही योजना नव्या मुलांसाठी आहेत. प्रत्यक्षात अडचण असते ती आठ-दहा वर्षे काम करणाऱ्या, बहुतेक गोष्टी अनुभवाने बरोबर करणाऱ्या, परंतु हातात कसलेही प्रमाणपत्र नसलेल्या ऑपरेटरची. त्याला शिकाऊ उमेदवार करता येत नाही आणि तीन महिने वर्गात बसवले तर केंद्र बंद पडेल.

अशा माणसासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा एक भाग उपयोगी पडतो. या योजनेत दोन मुख्य वाटा आहेत. अल्पकालीन प्रशिक्षण हे बेरोजगार किंवा शिक्षण सोडलेल्या तरुणांसाठी असून प्रशिक्षण केंद्रात होते. पूर्वज्ञानाची मान्यता, ज्याला सगळे आरपीएल म्हणतात, त्या वाटेने काम येणाऱ्या माणसाला थोडक्या तासांचा वर्ग देऊन त्याची परीक्षा घेतली जाते आणि प्रमाणपत्र दिले जाते. दोन्हींत प्रशिक्षणार्थ्याला शुल्क भरावे लागत नाही. सरकारी पैसा प्रशिक्षण देणाऱ्या आणि मूल्यांकन करणाऱ्या संस्थांकडे जातो, आस्थापनेच्या हातात काही येत नाही. ‘अनुदान मिळाले’ असे ज्यांना ठरावात लिहायचे आहे त्यांची इथे निराशा होईल. पण नगरपरिषदेने किंवा आसपासच्या तीन-चार केंद्रांनी मिळून एक तुकडी जमवली आणि मूल्यांकन आपल्याच केंद्रावर व्हावे असा आग्रह धरला, तर पाळ्यांना धक्का न लागता सगळ्या ऑपरेटरांना राष्ट्रीय पातळीवर मान्य असलेला कागद मिळू शकतो. आरपीएल कौशल्य तपासते, नवे फारसे शिकवत नाही, ही तिची मर्यादा आहे. ज्याला वरची मोजपात्राची चाचणी येते पण तिच्यावरून निर्णय घेता येत नाही, त्याला ती पुरेशी नाही. अल्पकालीन प्रशिक्षणाबद्दल मी काहीसा साशंक आहे, कारण वर्गातल्या चित्रावर दाखवलेला ब्लोअर आणि पहाटे तीन वाजता ट्रिप झालेला ब्लोअर यांत बरेच अंतर असते. प्रशिक्षण संस्थेचा एखाद्या चालू केंद्राशी लेखी करार असेल तरच तिथे मुले पाठवावीत.

दुसरा पर्याय अमृत २.० आणि स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० यांच्या क्षमता बांधणीचा आहे. दोन्ही अभियाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. पहिल्यात मलनिस्सारणाचा भर ५०० अमृत शहरांवर आहे आणि दुसऱ्यात एक लाखाखालच्या लोकसंख्येच्या शहरांतील सांडपाणी व्यवस्थापनाचा समावेश आहे. त्यामुळे आपले शहर कोणत्या अभियानात बसते हे लोकसंख्येवरूनच बरेचसे ठरते. अमृत २.० च्या क्षमता बांधणीत कंत्राटदार आणि प्लंबर यांच्याबरोबर केंद्र चालवणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि राज्यात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची नाशिक येथील ‘मित्रा’ ही प्रशिक्षण संस्था याच विषयातली आहे. व्यवहारात काय होते? प्रशिक्षणाचे पत्र येते, अभियंता जातो, फार तर आरोग्य निरीक्षक जातो; पाळीतला ऑपरेटर जात नाही, कारण त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा कोणी नसतो. प्रवास, निवास आणि शुल्क यांचा खर्च अशा प्रशिक्षणात निघू शकतो, पण बदली माणसाचा पगार निघत नाही, आणि तीच खरी अडचण आहे. त्यासाठी दोन-तीन हजार रुपयांची तरतूद स्वतःच्या अंदाजपत्रकात ठेवणारी नगरपरिषद या पर्यायाचा पुरेपूर लाभ घेऊ शकते.

पर्यावरण मंत्रालयाच्या हरित कौशल्य विकास कार्यक्रमाचेही नाव या संदर्भात घेतले जाते. २०१७ मध्ये तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि सांडपाणी प्रक्रिया हा त्याच्या विषयांपैकी एक होता. तुकडी जाहीर झाली तर जरूर माणूस पाठवावा. पण त्याच्या भरवशावर मनुष्यबळाचे नियोजन करू नये.

सुरक्षेचे प्रशिक्षण वेगळे धरावे

२०२३-२४ पासून राबवली जाणारी ‘नमस्ते’ योजना ही प्रामुख्याने गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या कामगारांसाठी आहे. त्यांची नोंद, सुरक्षा साधने, आयुष्मान भारतचे आरोग्य संरक्षण आणि सुरक्षेचे प्रशिक्षण तिच्यात येते. केंद्रावरच्या ऑपरेटरसाठी ती थेट नाही. तरीही पंपिंग स्टेशनची विहीर, स्क्रीन चेंबर किंवा गाळाची टाकी यांत उतरण्याचा प्रसंग ज्या कामगारांवर येऊ शकतो त्यांची नोंद तिच्यात करून घेता येते का, हे नगरपरिषदेने तपासावेच. हायड्रोजन सल्फाइड साचलेल्या विहिरीत उतरणारा पहिला माणूस आणि त्याला वाचवायला धावणारा दुसरा असे दोघेही दगावल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली, तेव्हापासून निदान हिशेब समजणाऱ्या कंत्राटदारांना तरी वायुमापक यंत्र महाग वाटू नये.

कंत्राटाचा मुद्दा

बहुतेक केंद्रे आज देखभालीच्या कंत्राटावर चालतात, त्यामुळे ऑपरेटर नगरपरिषदेच्या किंवा सोसायटीच्या वेतनपटावर नसतोच. शिकाऊ उमेदवारीचा करार कंत्राटदार करतो, आरपीएलसाठी माणसे तोच पाठवतो, आणि कंत्राट बदलले की प्रशिक्षित माणूस त्याच्याबरोबर जातो किंवा कमी पगारावर नव्याकडे राहतो. म्हणून योजना निवडण्याआधी निविदेच्या मसुद्यात तीन गोष्टी घालाव्यात असे मी सुचवीन: प्रत्येक पाळीत किमान एक प्रमाणित ऑपरेटर असावा, प्रमाणपत्र नसलेल्यांचे आरपीएल पहिल्या ६ महिन्यांत पूर्ण करावे, आणि शिकाऊ उमेदवाराला पाळीतल्या मंजूर संख्येत धरू नये. तिसरी अट नसेल तर १,५०० रुपयांच्या सरकारी वाट्यासाठी अनुभवी माणूस काढून त्याच्या जागी शिकाऊ मुलगा एकट्याने रात्रपाळीला बसवला जातो आणि सरकारी पैशाने केंद्राचे नुकसानच होते.

सोसायट्यांना मात्र यातले फारसे काही स्वतःहून करता येत नाही. एखाद-दोन ऑपरेटर असलेल्या गृहसंकुलाने शिकाऊ उमेदवारीच्या भानगडीत न पडता कंत्राटदाराकडे प्रमाणित ऑपरेटर मागावा आणि त्यासाठी दरमहा थोडे जास्त पैसे देण्याची तयारी ठेवावी.

मुदतीचा विचारही आताच करावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कौशल्य विकास योजना आणि शिकाऊ उमेदवारी योजना एकत्रित कार्यक्रमाखाली मार्च २०२६ पर्यंत चालू ठेवण्यास मान्यता दिली, आणि दोन्ही नागरी अभियानांचा मूळ कालावधीही २०२५-२६ अखेरपर्यंतचाच ठरलेला होता. अर्ज करण्याच्या दिवशी कोणती योजना कोणत्या नावाने आणि कोणत्या दराने चालू आहे, हे त्या-त्या पोर्टलवर पाहूनच ठरावाचा मजकूर लिहावा. शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालची २.५ टक्क्यांची सक्ती मात्र त्या कायद्याच्या नियमांतच असल्याने योजनेच्या मुदतीवर अवलंबून नाही. ज्यांच्याकडे ३० माणसे आहेत त्यांनी नव्या योजनेची वाट न पाहता पहिला करार आजच करावा.